भूकंप की सुवर्णपदक

जपानमध्ये, टोकियोजवळच्या उरायासूत आमच्या वरच्या मजल्यावर घानाचे एक गृहस्थ राहतात. मोठा भूकंप होऊन गेल्यापासून छताचा दिवा हलला की आम्ही नवरा-बायको टेबलाखाली शिरतो आणि तिथून फोन बघतो. भूकंपाची सूचना नसेल तर समजायचं, जगात कुठेतरी कृष्णवर्णीय खेळाडूने सुवर्णपदक पटकावलंय आणि वर नाच चालू आहे. आरडाओरड्याबद्दल इमारतीच्या व्यवस्थापकाने समज दिल्यापासून ते तोंड मिटून नाचतात. देश कुठलाही चालतो. जमैकाची धावपटू "आमची पुतणी", अमेरिकेची जिम्नॅस्ट "आमची भाची". "त्यांच्यासाठी अख्खं स्टेडियम उभं राहतं, मग मी काय बसून राहू?" असं विचारतात. मागोमाग तळलेल्या केळ्यांची बशी आमच्याकडे येते.

परवा त्यांच्या मुलीची शाळेत शर्यत होती. आई जपानी, पण बापाकडे बघून अख्ख्या इमारतीने तिचा पहिला नंबर आधीच जाहीर केला होता. पोर त्या धास्तीने नीट जेवतही नव्हती. शर्यतीत ती शेवटची आली. मान खाली घालून जिना चढताना मला दिसली.

थोड्या वेळाने दिवा हलला. आम्ही टेबलाखाली. फोन गप्प. मग दाराची बेल वाजली. बशी घेऊन बापलेक उभे, आणि मुलीला हसू आवरत नव्हतं.

"अहो, ती शेवटची आली ना?" मी हळूच विचारलं.

"म्हणून तर," ते ऐटीत म्हणाले. "पहिले आमच्याकडे ढिगाने आहेत. शेवटचा नंबर काढणारी घराण्यात ही पहिलीच."