तावडेबाईंची हजेरी

पहाटे, अजून दूधवालाही फिरलेला नसायचा तेव्हा, तावडेबाई भिंतीपलीकडे हजेरी घ्यायच्या. आमची आणि त्यांची अख्खी एक भिंत सामाईक. मुलुंडच्या त्या टॉवरमध्ये आम्ही भाड्याने राहायला आलो आणि पहिल्याच सकाळी मी दचकून उठले. "घाग मंदा!" मग जरा थांबणं. "परेरा फ्रान्सिस!" पुन्हा थांबणं. "सावंत गोविंद! ...सावंत, आवाज चढवा, काल जेवला नाहीत का?" मग शिट्टी, आणि मग धप्, धप्, धप्. मला वाटलं, काय बाई आहे ही, एवढ्या पहाटे क्लास घेते! संध्याकाळी तक्रार करायची म्हणून वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "वो तो अकेली रहती है मॅडम. कोई आता-जाता नहीं."

आई म्हणाली, ही मेलेल्यांची हजेरी. माझा पहिल्यापासून असल्या गोष्टींवर विश्वास नाही. एकटी बाई आहे, डोक्यावर परिणाम झाला असेल, बिचारी, असं म्हणून मी सोडून दिलं. पण त्या धपधपीचं गणित काही केल्या जमेना. एका माणसाने उडी मारली की एक आवाज येतो. पलीकडे आवाज पाठोपाठ यायचे, थोडे पुढेमागे, शाळेच्या मैदानावर ढिल्या वर्गाची कवायत चालावी तसे. आईच्या उशाशी पाण्याचा पेला असायचा, त्यातलं पाणी थरथरायचं. मी त्याच्याकडे बघायचंच बंद केलं.

आईचं सांगते. आम्ही तिकडे राहायला गेलो तेच मुळी तिच्यासाठी, त्या बिल्डिंगची लिफ्ट मोठी होती म्हणून. न्हाणीघरात पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झकास झालं, पण आई उठेना. फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची, गोड बोलून व्यायाम दाखवायची, आणि ती गेली की आई भिंतीकडे तोंड करून झोपायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "आता उभ्या राहिल्या नाहीत तर कायमच्या अंथरुणाला खिळतील. मग छातीत कफ, पाठीला जखमा. समजतंय ना तुम्हाला?" समजत होतं. मी मरोळला ऑफिसात बसून रोज तेच समजून घेत होते. घरी आले की आईचं एकच पालुपद, "माका आता देवान नेवक व्हया."

एका रविवारी तावडेबाई न बोलावता आल्या. बुटक्या, सत्तरी कधीच ओलांडलेल्या, पंजाबी ड्रेस, गळ्यात शिट्टी आणि घरातसुद्धा पांढरे कॅनव्हासचे बूट. महापालिकेच्या शाळेत त्या खेळाच्या बाई होत्या. आल्या त्या सरळ पलंगाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि आईला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाल्या, "रडताय? रडा. पण उभ्याने रडा. आडव्याने रडलं की पाणी कानात जातं."

आईला राग आला, आणि कित्येक आठवड्यांनी तिच्या तोंडावर काहीतरी दिसलं. ती म्हणाली, "बाई, मी आयकतंय तुमची हजेरी रोज. त्येच्यात माझा नाव पण घाला नि काय ता एकदा संपवा."

मला वाटलं, बाई हसतील. त्या हसल्या नाहीत. "माझ्या वर्गात झोपलेली माणसं चालत नाहीत," त्या म्हणाल्या. "तिथे सगळ्यांना उभं राहावं लागतं. हात डोक्यावर जायला हवेत, गुडघा वाकायला हवा. तुम्हाला येतं का? नाही ना? मग प्रवेश नाही. आधी तयारी करा. उभ्या राहिलात की नाव घेईन. शब्द आहे माझा."

एखाद्या आजारी म्हातारीशी असं बोलतात का कोणी? मी चांगली भडकले होते. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर आई बसलेली! मरायची परीक्षा पास व्हायची म्हणून माझ्या आईने व्यायाम सुरू केला होता.

बाईंना काही विकत आणलेलं चालायचं नाही. मी पायाला बांधायची वजनं ऑनलाइन मागवणार होते तर म्हणाल्या, "घरात मीठ नाही का तुझ्या?" माझ्या जुन्या मोज्यात मिठाची पिशवी घालून त्यांनी ती आईच्या घोट्याला बांधली आणि पाय हळूहळू सरळ करायला लावला. हातांसाठी पाण्याने अर्ध्या भरलेल्या बाटल्या. जुनं सुती लुगडं खिडकीच्या गजांतून ओवून दोन्ही टोकं आईच्या हातात द्यायची आणि ओढायला लावायची. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न लावता उठायचं, परत बसायचं. मी समोर उभी. आणि किचनच्या ओट्याला धरून टाचा वर, टाचा खाली. फिजिओवाल्या मुलीनेही हेच सगळं दाखवलं होतं हो. फरक एवढाच, की ती "प्लीज आजी" म्हणायची आणि बाई शिट्टी वाजवायच्या. "भिंत आहे, खुर्ची आहे, ओटा आहे. अजून कसली जिम पाहिजे? शरीर ऐकतं गं, आपण त्याला दमात घेत नाही."

एकदा त्यांना नारळाच्या वड्या द्यायला गेले. हॉलमध्ये फर्निचर नाही, नुसत्या चटया, ओळीने अंथरलेल्या. मी मधून जायला लागले तशा त्या खेकसल्या, "तिथून नको! सावंतांच्या पायावर पाय देशील." मी कडेकडेने गेले. भिंतीलगतच्या चटईवर पाठीएवढा ओला डाग होता, खांद्यांकडे रुंद, कमरेकडे निमुळता. बाईंचा कुडता अगदी कोरडा, इस्त्रीचा. "कोण झोपलं होतं इथे?" असं माझ्या तोंडून निघून गेलं.

बाईंनी वडी तोंडात टाकली आणि सांगितलं. हा टॉवर उभा राहायच्या आधी इथे चाळ होती. घरं पाडली, सगळ्यांना संक्रमण शिबिरात नेऊन टाकलं, आणि टॉवर काही वर येईना. वाट बघता बघता एकेक जण तिथेच गेला. मंदा घाग गेली, फ्रान्सिस गेला, सावंत तर चावी मिळायच्या तोंडावर गेले. "चाळीच्या गच्चीवर यांचा व्यायाम मीच घ्यायची," त्या म्हणाल्या. "घर मिळालं नाही त्यांना. मग वर्गाला तरी येऊ देत ना." त्यांनी दुसरी वडी उचलली आणि गूळ कुठला वापरलास म्हणून विचारलं.

इकडे आई सुधारत होती. वॉकर घेऊन दारापर्यंत, मग खुर्ची सरकवत ओट्यापर्यंत. एक दिवस मी ऑफिसातून आले तर घरभर कुळथाच्या पिठीचा वास. आईने स्वतः उभं राहून फोडणी दिली होती! मी ओट्यापाशीच रडले, आणि हो, उभ्यानेच. पण तिला आता एक नवीनच लागलं होतं. पहाटे हजेरी सुरू झाली की ती कान द्यायची आणि म्हणायची, "सावंताचो आवाज आज बसलोहा." किंवा, "मंदा हसता बघ." मी म्हणायचे, आई, गप झोप. मला बाईंच्या आवाजाशिवाय काही ऐकू यायचं नाही. पण त्या थांबायच्या तेवढ्या वेळात मी श्वास धरून असायचे, हे मात्र खरं.

देवाने न्यावं, हे पालुपद कधी बंद झालं ते माझ्या लक्षातच आलं नाही. बाईंच्या आलं. आई ओट्याशी टाचा उचलत असताना त्या म्हणाल्या, "सुमतीबाई, आता छान उभ्या राहता की. नाव घ्यायचं ना?"

आईच्या टाचा खाली आल्या. "च्याय घेतात?" तिने विचारलं.

"चहा घेईन. पण शब्द दिलाय मी." बाईंनी हे अगदी सरळपणे सांगितलं. ज्या बाईने माझी आई मला परत दिली, तिच्याकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा घाबरून बघितलं. त्या निघताना आईच्या पाठीवर थाप मारून गेल्या. "ताठ राहायचं," एवढंच म्हणाल्या.

पंधरवड्याच्या आत बाई गेल्या. झोपेतच. सकाळी हजेरी झाली नाही म्हणून मीच वॉचमनला वर बोलावलं. त्या चटईवर उताण्या होत्या, पायांत बूट, हात शरीरालगत सरळ. डोंबिवलीचा भाचा आला, त्याने सगळं नीट केलं, चटया आणि भांडी गरजूंना दिली आणि घराला कुलूप लावून चावी घेऊन गेला. शिट्टी त्याने त्यांच्याबरोबरच जाळली, आम्हीच तसं सांगितलं होतं. आईने दोन दिवस काही खाल्लं नाही. "माझी बाई गेली," म्हणत राहायची. मलाही फार रडू आलं. असं कोणी हक्काने दमात घेणारं माणूस पुन्हा कुठून आणायचं?

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशीची पहाट. आई माझ्याआधी उठून ओट्याशी उभी होती, तांदूळ धूत. मी चहाचं आधण ठेवलं आणि भिंतीपलीकडून शिट्टी वाजली.

"घाग मंदा!" थांबणं. "परेरा फ्रान्सिस!" थांबणं. "सावंत गोविंद!" तोच आवाज, तोच कडक सूर, कुलूपबंद रिकाम्या घरातून. चहापावडरीचा डबा उघडायचा तसाच राहिला. ओट्यावरच्या पेल्यातलं पाणी थरथरायला लागलं होतं.

"राऊळ सुमती!"

आमच्या कोकणात अशा हाकेला ओ देत नाहीत. ओ दिली की माणूस हाकेमागे जातो. मी आईचा दंड घट्ट धरला आणि दुसरा हात तिच्या तोंडावर ठेवायला गेले. तिने तो बाजूला केला. तिची पाठ ताठ होती.

"राऊळ सुमती!"

आईने भिंतीकडे तोंड केलं आणि कित्येक महिन्यांत मी ऐकला नव्हता इतक्या खणखणीत आवाजात ओरडली, "गैरहजर!"

पलीकडे बराच वेळ काहीच नाही. आई भिंतीकडे बघत उभी. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मग पुन्हा शिट्टी झाली, आणि धप्, धप्, धप्, कवायत सुरू झाली.

"आधण उकाळला," आई मला म्हणाली. "च्यायपावडर घाल." आणि ओटा दोन्ही हातांनी धरून तिने टाचा उचलल्या.