टेलेक्सवरची बीबी

ऑनलाइन छळ हा शब्द निघायच्या कितीतरी वर्षं आधी माझा तो होऊन गेला. तेव्हा ना घरात फोन होता, ना कुठं संगणक. होतं ते चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या कंपनीतलं टेलेक्स मशीन. इथं टाइप केलं की सातासमुद्रांपलीकडच्या मशीनवर जसंच्या तसं उमटायचं. आपलं लाल शाईत, समोरच्याचं काळ्या. त्या मशीनसमोर मी बसायचे आणि माझे पाय काही जमिनीला लागायचे नाहीत.

बिडकीनजवळच्या खेड्यातून औरंगपुऱ्यातल्या टायपिंग क्लासपर्यंत यायला मला वडिलांशी वर्षभर भांडावं लागलं होतं. शेवटी म्हणाले, "जा. पर काई उलटंसुलटं कानावर आलं, तर त्याच दिवशी घरी यायचं. मंग नोकरी नाय, लगीनच."

आमच्या पितळी तोट्या युरोपातल्या एका बंदराच्या गावी जायच्या. तिथला ऑपरेटर आधी नुसतं हवापाणी विचारायचा. आमच्या उन्हाचं त्याला भारी कौतुक. मग वय विचारलं. मग लग्न झालंय का. मग फोटो पाठव, आणि पुढं जे लिहिलं ते मी आजही सांगणार नाही. उत्तर दिलं नाही तर ऑर्डरच्या मधोमध धमकी यायची: तू आकडे चुकवतेस असं तुझ्या साहेबाला कळवीन. मी तेवढा कागद फाडून पर्समध्ये कोंबायचे. सांगणार कुणाला? सांगितलं की बिडकीनची एसटी ठरलेली.

त्या काळात चिकलठाण्यात, वाळूजला रोज नवी शेड उभी राहत होती आणि शहरात विद्यापीठाच्या नामांतरावरून आज मोर्चा, उद्या बंद. एका नावापायी आमच्या गल्लीत शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला होता. एकदा संचारबंदी लागली आणि तीन दिवस कंपनीची बस आम्हाला न्यायला औरंगपुऱ्यात आलीच नाही. टेलेक्स मात्र कधी बंद करत नसत. माझं उत्तर येईना, म्हणून तो लिहीतच राहिला.

चौथ्या दिवशी पोचले तर डिस्पॅचचे मामू कागदाची लांबलचक पट्टी घेऊन दारातच उभे. ते चिकलठाण्यातच राहायचे, म्हणून रोज चालत येत होते. इंग्रजी अक्षरं त्यांना जुळवता यायची, त्यापुढं नाही.

"बेटी, ये कौन है? हर बार नीचे बीबी लिखरा. तेरेकू बीबी बोलरा!"

बीबी म्हणजे बायको, हे 'बीबी का मकबरा' असलेल्या गावात कुणाला सांगायला नको. दुपारपर्यंत अख्ख्या कारखान्यात माझं परदेशात लग्न लागलं होतं. कॅन्टीनमध्ये एकीनं पेढे मागितले.

साहेबांनी बोलावलं. "हे बीबी काय प्रकरण आहे?"

मी जुन्या फायली काढून दाखवल्या. म्हटलं, साहेब, टेलेक्सच्या भाषेत बीबी म्हणजे बाय-बाय. जगातले सगळे ऑपरेटर शेवटी तेच लिहितात, मीसुद्धा लिहिते. साहेब पोट धरून हसले. मलाही हायसं वाटलं, आणि तिथंच माझं चुकलं.

कारण बीबी निघून गेल्यावर त्या कागदात साहेबांच्या दृष्टीनं काही उरलंच नाही. वरच्या ओळी त्यांनी वाचल्या होत्या, सगळ्या. "म्हणजे काहीच नाही की! फोटोच मागतोय. मोठं गिऱ्हाईक आहे, जरा गोड बोलत जा. झेपत नसेल तर इथं पुरुष बसवू, तू पॅकिंगला जा."

मला इतका राग आला की रडूही येईना. बाहेर मामूंनी विचारलं, "बीबी का तो समझा. बाकी क्या लिख्या है?" मी सांगितलं, जेवढं सांगवलं तेवढं. मामूंचं तोंड उतरलं. म्हणाले, "उसके साबकू मालूम है क्या?"

हे मला सुचलंच नव्हतं.

तो जेवायला कधी जातो, हे त्यानंच मला सतरांदा कळवलं होतं. दुसऱ्या दिवशी बरोबर त्या वेळी मी नंबर लावला. 'प्लीज, तुमच्या मॅनेजरसाठी' असं वर लिहिलं आणि पर्समधला एकेक चोळामोळा कागद सरळ करून त्याचेच शब्द, तारखेसकट, लाल शाईत परत पाठवले. पलीकडून फक्त 'मिळालं' एवढंच उमटलं.

दोन दिवसांनी त्यांच्या मॅनेजरची माफी आली, साहेबांच्या नावानं. मीच नेऊन दिली.

"हे कुणाला विचारून केलंस?"

"गोड बोल म्हणाला होतात. सुरुवातीलाच प्लीज घातलं होतं."

साहेबांनी कागद उलटासुलटा केला. मग ऑर्डर कायम आहे ना, एवढंच विचारलं. ऑर्डर कायम होती, खुर्चीही राहिली. गावात बीबीची बातमी पोचलीच होती, म्हणून रविवारी मी स्वतःच जाऊन वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्याच्या साहेबाला लिवलंस? व्हय? मंग कशापायी भ्यायचं? जा कामावर."

सोमवारी, त्यांच्याकडच्या जेवणाच्या वेळी, मशीन आपण होऊन खडखडायला लागलं. तिथली दुसरी ऑपरेटर होती. तुझा निरोप मीच घेतला होता, मॅनेजरच्या टेबलावर मीच ठेवला, त्याला गोदामात पाठवलंय, असं तिनं लिहिलं. मशीन थांबलं. मग पुन्हा काळी अक्षरं आली: मला वाटायचं, तो फक्त मलाच छळतो. तीन वर्षं मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून ते ऐकलं.

माझ्याकडं दाखवायला निदान कागद तरी होते.