वहिनींच्या बरणीतला पाक

आमच्या वहिनींची सगळी नोकरी एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेली. मोठाली पातेली ढवळून ढवळून त्यांचा उजवा खांदा जरा उतरलाच होता. घरी त्या दुधाच्या मऊ टॉफ्या करीत. थोड्या रवाळ होत, पण घरात कुणाचं तोंड गोड करायचं तर वहिनींच्याच टॉफ्या, हे ठरलेलं.

मग आमच्या हिला तिच्या भावाने कॉर्न सिरपची बाटली आणून दिली. मक्यापासून केलेला दाट, बिनरंगी पाक. तो थोडा घातला की टॉफीत साखरेचे कण धरत नाहीत. हिच्या टॉफ्या लोण्यासारख्या झाल्या. आम्ही वरच्या मजल्यावर, वहिनी खाली. वास जिन्याने खाली पोचलाच.

"सगळं बाटलीचं कौतुक," वहिनी म्हणाल्या. "भावोजी, खरं सांगा, चांगल्या झाल्यात?"

माझ्या तोंडात टॉफी होती, म्हणून निभावलं.

पुढे वहिनींच्या सख्ख्या नातीनेच वाढदिवसाला 'धाकट्या आजीच्या टॉफ्या' मागितल्या. वहिनींनी वर येणंच सोडलं.

त्यांनी सिरपऐवजी मध घालून पाहिला. टॉफी लवकर काळवंडली आणि नुसती मधासारखीच लागली. मग त्यांना आठवलं, वसतिगृहात पाकात लिंबू पिळत, म्हणजे साखर पुन्हा जमत नसे. साखर, पाणी, लिंबू, मंद आच. पण साखर विरघळली की ढवळायचं नाही, हे काही त्यांना जमेना. हात आपोआप पळीकडे जाई आणि पाक रवाळ होई. शेवटी त्यांनी पळी माझ्याकडे देऊन मला दाराबाहेर उभं केलं.

"मागितली तरी देऊ नका."

त्यांनी मागितली, रागावल्यासुद्धा. मी दिली नाही. त्या दिवशी पाक काचेसारखा उतरला आणि बरणीत भरला गेला.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी हिची बाटली संपली. ही खाली गेली.

"ताई, काहीतरी सुचवा ना."

वहिनींनी बरणीवर फडकं टाकलं. "बाटली संपली की सुगरणपणाही संपला?"

"संपला. पण पोरीला काय सांगू?"

वहिनी बराच वेळ ओटा पुसत राहिल्या. मग त्यांनी बरणी पुढे सरकवली. "ने. पण सगळ्यांसमोर सांगायचं, पाक माझा."

हिने सांगितलं, चांगलं मोठ्याने. नात टॉफी चघळत म्हणाली, "आजी, तुझा पाक मस्तच. पण पुढच्या वेळीही टॉफ्या धाकट्या आजीलाच करू दे."

वहिनी हसल्या, जरा उशिराच. माणसं पांगल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "ही टॉफीचं भांडं गॅसवरून कधी उतरवते, तेवढं पाहून ठेवा."

मी पाहिलं नाही. खाली सांगितलं तर वर माझी धडगत नव्हती.

परवा जिना उतरताना त्यांच्या घरातून टॉफीचा वास आणि पळीचा आवाज आला. पुन्हा ढवळत होत्या.