ओल्या फडक्याखालचे पेले

पहाटे चारला उखर्डू धुळ्यातल्या सरबताच्या दुकानाचं कुलूप काढी. आधी विहिरीचं पाणी, मग राख, मग आदल्या दिवसाचे उष्टे पेले. घासायचे, खंगाळायचे, उजेडात धरून पाहायचे. डाग दिसला तर पुन्हा राख. पहिलं महायुद्ध सुरू असताना तो तिथे लागला. बोटांची कातडी कायम पांढरी, सुरकुतलेली.

एकदा धुतलेल्या पेल्याच्या काठावरून ओलं बोट फिरलं आणि पेला गुणगुणला. उखर्डूने पुन्हा फिरवलं. बोटाला तेलाचा अंश असला की पेला गप्प. राखेनं धुतलं की बोले. पाणी वाढवलं की सूर उतरे, काढलं की चढे. जाड काच दाद देत नसे. एवढं समजायला दोन उन्हाळे गेले. मालक रतिलालशेठ म्हणत, पगार पेले धुवायचा देतो, रडवायचा नाही.

मग उखर्डूने पगारातून स्वतःचे पातळ बिलोरी पेले घेतले. एकेक करून, टिचकी मारून पारखलेले. बायको झुंबरबाईने नव्या लुगड्याचं विचारणंच सोडलं. बारा पेले जमेपर्यंत त्याचे केस पिकले.

नाटक कंपनीचे पेटीमास्तर लीलाधर यांनी ते सूर दुकानात ऐकले. त्यांच्या भाच्याचं लग्न सावद्याच्या भाईदास केळीवाल्यांच्या मुलीशी ठरलं होतं. ते म्हणाले, मांडवात वाजव. पसंत पडलं तर कंपनीत घेतो. म्हणजे राख सुटणार होती.

लग्नाच्या दिवशी, वाजंत्री यायच्या आत, शांततेत उखर्डूने सूर लावले. थेंब टाकायचा, ऐकायचं, थेंब काढायचा. उजाडल्यापासून न्याहारीपर्यंत मान वर नाही. वैशाखाच्या उन्हात पाणी उडतं आणि सूर चढतो, म्हणून पेल्यांवर ओलं फडकं पसरून तो बाजूला झाला. तेवढ्यात नवरीची आत्या भिकुबाई हिने कौतुकाने त्याच्याही हाताला तेल-हळद लावली. नको म्हणता येईना. तो राख घेऊन विहिरीवर गेला आणि कातडी सोलेपर्यंत बोटं घासली.

परत आला तर वऱ्हाड टेकलं होतं. फडकं बाजूला. पेले हातोहात फिरत होते, रिकामे होऊन घागरीतून पुन्हा भरत होते. काठांवर ओठ, मिशा, पानाचे डाग.

"ते पानी पेवानं नई व्हतं, अक्का," उखर्डू म्हणाला.

"पाणी प्याचं नाही तं मंग कायचं रे?" भिकुबाई हसली. "ओल्या फडक्याखाली गार करून ठेवलं, मी म्हटलं वऱ्हाडासाठीच."

लीलाधर मास्तरांच्या हातातही एक पेला होता. तो खाली ठेवून त्यांनी मिशा पुसल्या. उखर्डूने विनवलं, पेले धुऊन पुन्हा लावतो, फक्त थोडी शांतता द्या. तोवर वाजंत्री सुरू झाली. स्वतःचं बोलणं ऐकू येईना, तिथे सूर कुठला?

"राहू दे," मास्तर वाकून त्याच्या कानाशी म्हणाले. "जेवण झालं की आमची गाडी. पण पाणी छान होतं."

पंगतीला पेले पुन्हा फिरले. काही फुटले, काहींच्या काठांचे टवके उडाले. भाईदासांनी सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली. पाण्याची अशी सोय आजवर कुणी केली नव्हती, म्हणाले.

धुळ्यात परतल्यावर पहाटे चारला उखर्डूने कुलूप काढलं आणि राखेत हात घातला. त्याच्या उमेदीतल्या सगळ्या पगारातून झालं ते एवढंच: सावद्याला एक वऱ्हाड पोटभर पाणी प्यायलं.