डफाचा तुरा

"तुरा सोड," सेक्रेटरी म्हणाले.

अण्णा, म्हणजे माझे वडील, मराठी मंडळाच्या व्हरांड्यापुढं उभे होते. रविवारची सकाळ. वर खुर्च्यांवर पाच जण, पुढ्यात कॉफीचे लोटे. अण्णा पायरीच्या खाली, डफ छातीशी धरून. त्यांच्या मागं मी, तेरा वर्षांची, परकर-पोलक्यात. मुलीला कशाला आणलंस, असंही कुणी विचारलं नाही. मी तिथं कुणाला दिसतच नव्हते.

"सोड म्हटलं ना. आणि तोंडानं बोल, की हे गाणं नाही, ही बडबड आहे."

अण्णांचे हात निळे होते. गिरणीत रंगखात्यात होते ते. नखांच्या कडांतला निळा रंग कधी गेला नाही. त्या बोटांनी ते डफाच्या कडेची गाठ सोडायला लागले. सुटेना. माझ्या आज्यानं बांधलेली गाठ होती ती. सेक्रेटरींनी पानाच्या तबकातला अडकित्ता पुढं केला. "काप."

अण्णांनी कापली नाही. दातांनी सोडली. लाल लोकरीचा तो तुरा पायरीवर ठेवला आणि म्हणाले, "सरी स्वामी, बरोबर आहे. ही बडबड आहे."

मला ओकारी आली. खरंच आली. मी गटारापाशी जाऊन ओकले. वरून कुणीतरी म्हणालं, "आता ही घाण कोण धुणार?" मीच धुतली.

आम्ही बेंगळुरातले जुने मराठी. तीनशे वर्षांचे. मंडळाचे सभासद आणि आम्ही एकाच फौजेबरोबर इकडे आलो, असं सेक्रेटरी दर वर्षी भाषणात सांगायचे. खरंच असेल. ते घोड्यावर आले असतील, आम्ही पुढं डफ वाजवत चालत. तीनशे वर्षांनंतर ते वकील होते, हापिसर होते, चिकपेटेत त्यांची कापडाची दुकानं होती. आम्ही मंडळाच्या मागच्या दहा खोल्यांत राहत होतो. 'गरीब बांधवांसाठी' असं त्या खोल्यांच्या भिंतीवर लिहिलेलं होतं. रोज येता-जाता ते वाचायचं.

अण्णा डफावर बोलायचे. गायचे नाहीत, बोलायचे. डफाचा ठेका, त्यावर शब्दांची धाव, यमकावर यमक, आणि समोरच्याची यथेच्छ टिंगल. मराठीत कन्नड मिसळलेलं. दोन पार्ट्या समोरासमोर बसायच्या. एकानं सवाल टाकायचा. दुसऱ्यानं त्याची शेवटची ओळ जशीच्या तशी उचलायची आणि तिथूनच जबाब सुरू करायचा. जबाब देऊन झाला की हात जोडून पुढच्या सवालाची वाट बघायची. ज्याला जबाब सुचणार नाही, त्यानं आपल्या डफाचा तुरा सोडून समोरच्याला द्यायचा. आमच्या डफाचा तुरा दोन पिढ्यांत कुणाला सोडायला लावता आला नव्हता.

गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये बोलावलेल्या गवयांचं गाणं व्हायचं. चाळीस माणसं, त्यातली निम्मी पेंगत. गाणं संपलं की अण्णांना सांगायचे, हं, वाजव आता. हॉलमध्ये नव्हे, अंगणात. चपला काढायच्या जागेजवळ. आणि मग काय! गिरणीतली माणसं यायची, हमाल यायचे, ज्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं असे तमिळ मजूरसुद्धा माना डोलवत उभे राहायचे. रस्ता बंद व्हायचा. हेच मंडळाला खुपायचं.

एकदा एक म्हातारे सभासद म्हणाले होते, "लोकांना आवडतंय, तर एक पायरी चढू द्या की त्याला."

सेक्रेटरी म्हणाले, "लोकांना ताडीही आवडते. आत वाटायची का?"

शिवाय त्यांच्याकडं आणखी एक कारण होतं. "आत देव बसलाय. चामडं आत नको." हे मी लहानपणापासून ऐकत होते. अण्णा मान डोलवायचे. मीही डोलवायची.

त्या वर्षी पुण्याहून एक पाहुणे आले होते. गाण्यातले मोठे जाणकार. आतलं गाणं लांबलं होतं म्हणून अण्णांनी अंगणात ठेका धरला, तर हे पाहुणे उठून व्हरांड्यात आले आणि पायानं ताल धरून उभे राहिले. त्यांची आतली खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली.

आभाराचं भाषण सेक्रेटरींनी मुद्दाम व्हरांड्यात येऊन केलं. माईक हातात. समोर गर्दी. म्हणाले, "मी एकच विचारतो. गर्दी जमली म्हणजे गाणं होतं का?"

आणि थांबले. टाळ्यांसाठी थांबले असतील.

पण आमच्यात चारचौघांत सवाल टाकून कुणी थांबलं, तर त्याचा अर्थ एकच असतो. अण्णांची चूक एवढीच. त्यांना वाटलं, साहेबांनी सवाल टाकला. त्यांनी ओळ उचलली.

"गर्दी जमली म्हणजे गाणं होतं का?
खुर्ची मांडली म्हणजे शहाणपण येतं का?
सूर तुमचा तंबोऱ्यात, ताल आमचा पोटात,
तुमचं गाणं कपाटात, आमचं गाणं ओठात.
किल्ली तुमची, कुलूप तुमचं, कपाट तुमचं बंद,
स्वल्प खिडकी उघडा स्वामी, येईल थोडा गंध!"

रस्ता हादरला. शिट्ट्या, टोप्या, नुसता कल्ला. पाहुणे खदखदून हसले. अण्णांनी रीतीप्रमाणं हात जोडले आणि पुढच्या सवालाची वाट बघत उभे राहिले. किती खूश दिसत होते ते! त्यांना वाटलं होतं, इतक्या वर्षांनी या माणसानं आपल्याला समोरची पार्टी मानलं. मी सेक्रेटरींकडं बघितलं. तेही हसत होते. त्या हसण्याची मला भीती वाटली.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या खोल्यांच्या नळाला कुलूप लागलं. का, ते कुणी सांगितलं नाही. चौथ्या दिवशी शेजारणी आईशी बोलेनाशा झाल्या. पाचव्या दिवशी चिठ्ठी आली, रविवारी डफ घेऊन ये. रविवारी काय झालं ते वर सांगितलंच आहे. सोमवारी नळ उघडला.

त्यानंतर अण्णा बोलायचे थांबले. डफावर तर नाहीच, घरातही नाही. पूर्वी जेवताना ताटाच्या कडेवर त्यांची बोटं चालायची. ती थांबली. मला ते घर नकोसं झालं. आणि तुरा? तो हॉलमधल्या काचेच्या कपाटात गेला, करंडकांच्या शेजारी, खाली चिठ्ठी लावून, 'लोककलेचा नमुना'. कपाटाला कुलूप.

आठ महिने गेले. नळावर मी काहीतरी गुणगुणत होते, ते सेक्रेटरींनी ऐकलं. मला बोलावून घेतलं. आवाज अगदी मऊ.

"गळा आहे तुला. इथं येऊन शीक. गणपतीत स्टेजवर बसवतो. फक्त गाण्याआधी दोन शब्द बोलायचे. माझे वडील करायचे ते गाणं नव्हतं, मंडळानं मला गाणं दिलं. एवढंच." मग सहज सांगावं तसं म्हणाले, "मागच्या खोल्या पाडून भटारखाना बांधायचं चाललंय. बघू, कुणाकुणाला ठेवता येतं ते."

आई म्हणाली, "म्हण गं पोरी. डोक्यावर छप्पर राहील." अण्णा ऐकत होते. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

मी गेले. चार महिने शिकले. खोटं कशाला बोलू, आवडलंही. एके दिवशी तबलजी तबला सुरात लावत होते. हातोडी, टक टक. मी विचारलं, "वर काय ताणलंय हे?"

"शेळीचं कातडं. दुसरं काय असणार?"

शेळीचं. मी घरी आले आणि खुंटीवरच्या डफाला हात लावून बघितला. शेळीचं. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर तबला आत, देवापुढं, गादीवर होता आणि डफ बाहेर, चपलांपाशी. मला एकदाही दिसलं नव्हतं. लाज वाटली. माझी, अण्णांची, माना डोलवणाऱ्या आम्हा सगळ्यांची. आणि मग लाज संपली. तिच्या जागी जे आलं ते अजून आहे.

गणपतीच्या दिवशी दुपारी डफ आईच्या लुगड्यात गुंडाळून मी स्टेजवर नेला. गाण्याचं काही सामान असेल असं वाटून कुणी हटकलं नाही. पुढच्या रांगेत सेक्रेटरी आणि यंदाचे पाहुणे. अण्णा अंगणात, चपलांपाशी. त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

मी माईकवर म्हणाले, "माझे वडील करायचे ते..." सेक्रेटरींनी मान डोलावली. मी डफावरचं लुगडं सोडलं आणि थाप मारली.

"चामडं आत नको म्हणता, देव आत बसलाय,
तबल्यावरती कोण मग अंग ताणून निजलाय?
तीच शेळी, तेच कातडं, तोच तिचा श्वास,
एकीला आत गादी, एकीला चपलांचा वास.
विटाळ नक्की कशाचा ते सांगा एकदा नीट,
कातड्याचा म्हणता स्वामी, की हातांचा वीट?"

रीतीप्रमाणं हात जोडले. उभी राहिले.

तबलजींनी हात तबल्यावरून काढून मांडीवर ठेवले.

"साकु," सेक्रेटरी म्हणाले. पुरे. "माईक बंद करा."

माईक बंद झाला. मी बिनमाईकचं म्हणाले, "जबाब नाही. तुम्ही हरलात. तुरा द्या."

कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात होती. खिशावर त्यांनी हात ठेवला. एवढंच केलं त्यांनी.

आठवड्यात आमचं सामान रस्त्यावर होतं. दहांपैकी आमची एकच खोली रिकामी केली. राजाजीनगरात तेव्हा नवी घरं उठत होती, तिथं एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही गेलो. वाटेत अण्णा मला एकच वाक्य बोलले. "शेवटची ओळ चांगली उचलण्याजोगी होती." त्यांनी डफाला पुन्हा हात लावला नाही. दोन वर्षांपूर्वी गेले. मुकेच गेले. ते मी कुणाला माफ केलेलं नाही.

आता मी तिशीकडं आलेय. राजाजीनगरात माझी पार्टी आहे. सहा बाया, दोन डफ. रस्ता बंद होतो.

परवा मंडळाचं पत्र आलं. सही त्याच सेक्रेटरींची. लोककलेला आता दिल्लीतही मान आहे, तेव्हा मंडळ तुमचा सत्कार करून तुमच्या वडिलांचा तुरा तुम्हांला भेट देणार आहे. भेट! वाचताना मला त्यांचं ते हसणं दिसलं. पत्राच्या शेवटी लिहिलंय, दोन शब्द कृतज्ञतेचे बोलावेत.

त्या पत्राला मी एवढंच उत्तर लिहिलं. मी येणार आहे. डफ उघडा आणणार आहे, लुगड्यात नाही. पायरीच्या खाली उभी राहणार नाही. शाल, नारळ, भेट काही घेणार नाही. सवाल तोच आहे, अजून तुमच्या अंगावर आहे. जबाब द्या. नसेल, तर कपाट तुमच्या हातांनी उघडा, तुरा माझ्यापुढं ठेवा, आणि हरलो म्हणून तोंडानं बोला.