टँकरचा पुकारा

त्या साली दुष्काळ असा, की दूध सोसायटीचा हॉल दुपारभर मोकळा पडायचा. जनावरं छावणीत, दूध कुठलं? सेक्रेटरी माझे चुलते. त्यांच्या मागं लागून हॉल मिळवला, वडवणीहून टीव्ही आणि गेमचा डबा भाड्यानं आणला आणि गाड्या पळवायच्या गेमची स्पर्धा लावली. बक्षीस सोसायटीकडून, दोनशे लिटरचा निळा ड्रम. पोरं आधी हसली, पण पाण्याच्या त्या दिवसांत ड्रम कोण सोडतो? सोळा नावं आली. मी लई फुगलो होतो. सोसायटीचा माइक हातात, आणि बडबडीची हौस जन्माची.

खरं तर तो माइक आणि छपरावरचा भोंगा टँकरच्या पुकाऱ्यासाठी. टँकर फाट्यावर आला की ड्रायव्हर सोसायटीत फोन करायचा, स्पर्धेच्या दिवशी हॉल माझ्या ताब्यात, म्हणून तो फोन माझ्या मोबाइलवर येणार होता. मग भोंग्यावर पुकारा व्हायचा, टँकर गावाबाहेरच्या विहिरीत रिकामा व्हायचा, बाया शेंदायला पळायच्या. विहिरीचा कोरडा तळ अर्ध्या तासात सगळं पाणी पिऊन टाकायचा. पुकारा हुकला की दोन दिवस कोरडे.

फायनलला ऊसतोडीचा एक गडी पोचला. आठवड्यापूर्वीच कारखान्यावरून परतलेला, घरात बायको बारा दिवसांची बाळंतीण. खुर्चीत बसायच्या आधी म्हणाला, "पुकारा करशील ना बे? आई एकटीच हाय पाण्याला."

"मीच हाय की माइकवर. तू बिनघोर पळव गाडी."

तिसऱ्या फेरीत फोन आला. टँकर. हॉल खच्चून भरलेला, गाड्या बरोबरीत, माझी कॉमेंटरी रंगात. पुकारा केला असता तर हॉल रिकामा आणि स्पर्धेची माती. म्हटलं, शर्यत संपल्यावर सांगू. इथवर मूर्खपणा म्हणता येईल. पण मी माइक बंद केला आणि घरी फोन लावला. "आई, घागरी घेऊन निघ. कुणाला बोलू नको."

लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नाही. लगेच माइक चालू करून ओरडलो, "आरारारा, काय वळण घेतलंय पठ्ठ्यानं!"

गडी जिंकला. ड्रम डोक्यावर घेऊन नाचला. बक्षीस, भाषण, फोटो, सगळं उरकून मी, जणू उडत कानावर आल्यासारखा, "टँकर येऊन गेलाय म्हणं" असा पुकारा केला. गाव विहिरीकडं पळालं. त्याच्या आईनं पोहरा सोडला, तर वर गाळ आला. न सांगता ओतून गेला म्हणून सगळ्यांनी ड्रायव्हरला शिव्या घातल्या. मीही मान डोलावली.

दिवस मावळायच्या आत घरच्या दोन घागरी उचलून मी त्या गड्याच्या घरी गेलो. बाळाची अंघोळ राहिलेली, दुपटी तशीच पडलेली. त्याच्या आईनं एक घागर ओतून घेतली, दुसरी माझ्यापुढं सरकवली.

"ही ने लेकरा. तुमच्या घरीबी माणसं हायत. त्या मुडद्या डायवरनं तुलाबी सांगितलं न्हाई व्हय?"

"न्हाई मावशी," मी म्हणालो.

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि आत सुनेला सांगितलं, "पोरगं लई गुणाचं हाय."