तिले उचलीन कोन?

माझे दोन्ही पाय लहानपणीच्या तापात गेले. केनवडचं आमचं शेतकऱ्याचं घर. सगळे शेतात गेले की ओसरीवर मी एकटी. आई पहाटे मला पाठीवर घेऊन परसाकडे न्यायची, तशीच पुन्हा दिवस मावळल्यावर. मधे गरज पडू नये म्हणून मी दिवसभर पाणी पीत नसे. वयाची विशी आली तरी हे असंच चाललं होतं.

त्या सुमारास गावात नर्सबाई आल्या. बौद्ध घरातल्या, एकट्या राहणाऱ्या. आई त्यांना चहा द्यायची, पण त्यांचा कप वेगळा ठेवायची. वहिनीचं बाळ बघायला आल्या तेव्हा त्यांनी मला विचारलं, "तू दिसभर काय करतं वं?"

पुढच्या खेपेला त्या स्वतःचं हातानं फिरवायचं शिलाई मशीन घेऊन आल्या अन् माझ्यापाशीच ठेवलं. झबली, परकर, मग ब्लाउज असं करत मी शिकले. बायका कापड आणून टाकू लागल्या, घरच्यांनाही बरं वाटलं. मी मात्र होते तिथेच होते. पुढ्यात मशीन आलं, एवढंच.

मग बाईंची बदली आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावला ठरली. त्या आईला म्हणाल्या, "इले माह्यासंग पाठवा. माह्या बाजूले खोली हाये, संडास दारातच. शिलाईचं काम भेटते तिथं."

"अन् तिले उचलीन कोन?"

"कोनी नाई. तिले सोताच जावं लागन."

दुसऱ्या दिवसापासून घर रिकामं झालं की मी तळहातांना टायरचे तुकडे बांधून सरकायला लागले. उंबरठा जमला, अंगण जमलं. एका दुपारी न्हाणीतल्या शेवाळावरून घसरले आणि भिंत अन् रांजणाच्या मधे अडकले. हाका मारून घसा बसला. आई आली तेव्हा ऊन उतरलं होतं. तिनं मला धुतलं, पुसलं. सकाळी शेतात जाताना मात्र दाराला बाहेरून कडी घातली.

"पडशीन अन् मरशीन," ती बाहेरून म्हणाली.

त्यानंतर रोज कडी. मला आईचा इतका राग यायचा की दात आवळून धरायचे. संध्याकाळी ती चिखलाच्या पायांनी येऊन माझ्यापुढे पाठ वाकवायची, अन् तो राग कुठे ठेवावा कळायचं नाही.

बाई निरोप घ्यायला आल्या तर दार बंद. "कडी काढू काय?" त्यांनी विचारलं.

"नका. आई आल्यावर तिच्यासमोर काढा."

त्या पायरीवर बसून राहिल्या. आई आली अन् भडकली. "मले काय माह्या पोरीचा कंटाळा आला?"

"नाई आला. पन तुमी थकसान एक दिवस. मंग?"

आई हळूच म्हणाली, "माही पोरगी तुमच्या हातचं खाईन? लोक काय म्हनतीन?"

"खाईन!" दाराआडून मीच ओरडले.

कडी आईनंच काढली. माझ्याकडे न बघता चुलीकडे गेली.

बाबांनी मला बाईंसोबत एस.टी.त बसवून दिलं. मालेगावची खोली अरुंद होती, नळ तीन पायऱ्या खाली. पाण्यासाठी रोज कोणाची तरी मनधरणी. काम देणारा दुकानदार शर्ट शिलाईसाठी अन् काज-बटणांसाठी खोलीवरच पाठवायचा, म्हणजे पुन्हा चार भिंती. सुरुवातीला कितीदा वाटलं, परत जावं. बाईंनी सुताराकडून चाकांची फळी करून घेतली, तेव्हा कुठे मी बाजारात गेले. लोक वाकून वाकून बघत होते. मी घामाघूम होऊन दोऱ्याची रिळं आणली अन् दार लावून रडले.

काही वर्षांनी बाईंची पुन्हा बदली झाली. या वेळी त्यांनी चल म्हटलं नाही, मीही विषय काढला नाही. त्यांची खोली रिकामी झाली त्या दिवशी मला फार भीती वाटली. दुकानदाराचा माणूस शर्ट घ्यायला यायचा होता, म्हणून मी मशीनपाशी सरकले.